अजिंठ्याचे रंग पानाफुलांचे नाहीत

जळगाव-भुसावळकडे सध्या एक मेसेज फिरतोय: अजिंठ्याची चित्रं ओल्या गिलाव्यावर पानाफुलांच्या रसाने काढलेली आहेत, पाणी शिंपडलं की रंग उजळतात. हे चूक आहे, आणि शेवटचं वाक्य तर घातक!

माती, भाताचं तूस आणि वनस्पतींचे धागे यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात. तो सुकल्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग लावले. गेरू, पिवळी माती, हिरवी माती हे खनिज रंग, काळा मात्र काजळीचा. निळ्यासाठी लाजवर्द नावाचा दगड थेट अफगाणिस्तानातून यायचा, केवढी ही हौस!

असा गिलावा ओल धरतो, फुगतो, सुटतो. फर्दापूरमार्गे जाणाऱ्या आपल्या खान्देशातल्या मंडळींना कळकळीची विनंती, भिंतीला पाणी किंवा बोटही लावू नका.