खांदेरीवर जिंकलं कोण?

काल आमच्या ट्रेकवाल्या ग्रुपवर मला 'इंग्रजांचा वकील' ही पदवी मिळाली. अलिबागजवळच्या खांदेरी या बेटावरच्या किल्ल्याच्या फोटोंखाली मी एवढंच लिहिलं होतं की १८ ऑक्टोबर १६७९ ला शिवाजी महाराजांचं आरमार इंग्रजांशी झालेल्या लढाईतून मागे फिरलं आणि नागोठण्याच्या खाडीत शिरलं. त्यावर एका जुन्या मित्राने विचारलं, "असलं लिहायला लाज कशी वाटत नाही रे?" ग्रुपवर वाद घातला की सकाळच्या गुड मॉर्निंगांत तो वाहून जातो, म्हणून इथे लिहितोय.

रात्री दोनला नाशिकच्या द्वारका सर्कलवरून निघालो. कसारा, भिवंडी, पनवेल, वडखळ. वडखळबद्दल काही बोलत नाही, ज्यांनी तो रस्ता केलाय त्यांना माहीत आहे. थळच्या किनाऱ्यावर पोचलो तेव्हा मासळी उतरत होती. परवानगीची भानगड आधीच मिटवलेली होती, होडीही ठरलेली होती. आमच्यातले निम्मे गडी सह्याद्रीचे कडे चढलेले, पण होडीत पाय ठेवला आणि सगळे देव आठवायला लागले. नाशिककराला पाणी माहीत ते रामकुंडातलं आणि गंगापूर धरणातलं.

वाटेत उंदेरी लागते, किनाऱ्याच्या जवळची. खांदेरी तिच्यापुढे, खुल्या समुद्रात. मुंबई बंदरात जाणारं प्रत्येक जहाज तिथून दिसतं. महाराजांना हे बेट का हवं होतं आणि इंग्रजांना ते त्यांच्या हाती का नको होतं, हे होडीतूनच कळतं.

१६७९ च्या ऑगस्टअखेरीस महाराजांचा माणूस मायनाक भंडारी सुमारे दीडशे माणसं आणि चार छोट्या तोफा घेऊन या बेटावर उतरला आणि बांधकाम सुरू झालं. ऐन पावसाळ्यात. इंग्रजांनी निरोप धाडला, बेट आमचं आहे, खाली करा. मायनाकचं म्हणणं, महाराजांच्या हुकमाशिवाय हलणार नाही. सप्टेंबरात इंग्रजांनी जहाजं आणून वेढा घातला. त्यांचा एक लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला.

मग तो १८ ऑक्टोबर. महाराजांचा आरमारी सरदार दौलतखान याच्या हाताखाली आपली चाळीसहून जास्त गलबतं इंग्रजांच्या आठ जहाजांवर चालून गेली. इंग्रजांच्या 'डव्ह' जहाजाने निशाण उतरवलं आणि ते आपल्या हाती आलं. बाकीची छोटी जहाजं पळाली. एकटं 'रिव्हेंज' तेवढं जागा न सोडता लढलं, त्याच्या तोफांपुढे आपलं आरमार मागे फिरलं. हे झालं ते झालं. त्या दिवशीचा निकाल कोणाला काय लावायचा तो लावू दे.

पण वेढा त्या दिवशी संपला नाही, आणि बेटावरचं बांधकामही थांबलं नाही! पुढे जंजिऱ्याच्या सिद्दीचं आरमार इंग्रजांच्या मदतीला आलं, तरी काम चालूच. रात्री लहान होड्या रसद घेऊन मोठ्या जहाजांच्या नाकाखालून बेटावर जात राहिल्या. हे कसं जमलं असेल, असं मी आमची होडी चालवणाऱ्या तांडेलाला विचारलं. साठीचा माणूस, इतिहासाचं पुस्तक त्याने कधी उघडलं नसावं. तो म्हणाला, "वारा पडला की शिडाचं मोठं जहाज मेलं, भाऊ. वल्ह्याला वारा लागत नाही." चार पुस्तकं वाचून मला जे नीट कळलं नव्हतं ते एका वाक्यात कळलं. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी वेढा उठवला. बेट आपल्याकडेच राहिलं.

म्हणून माझं म्हणणं असं की खांदेरीची लढाई तलवारीने कमी आणि दगड-चुन्याने जास्त जिंकली. गवंडी, पाथरवट, वल्ही मारणारे कोळी-भंडारी. यांतल्या मायनाकचं नाव उरलं, बाकीच्यांचं नाही. माघार लपवली की या माणसांचं काम दिसतच नाही. सगळं एका दिवसात धडाक्यात जिंकलं असतं, तर चार-पाच महिने तोफांच्या पल्ल्यात राहून भिंत रचणाऱ्यांचं कौतुक कशाला?

बेटावर आम्ही काय केलं? घोषणा दिल्या, मीही दिल्या. १८६७ चं दीपगृह पाहिलं, धातूसारखा वाजणारा तो खडक सगळ्यांनी वाजवून पाहिला, वेताळाला नमस्कार केला. चाकांच्या गाड्यावरच्या तोफेवर चढून दोघांनी रील काढलं (नावं घेत नाही, पोस्ट वाचतायत). तटाजवळ पाच मिनिटं कोणी थांबलं नाही. मी थांबलो, तर होडीवरून हाका सुरू झाल्या. बाहेरच्या दगडांवर कालवं चिकटलेली असतात, बूट असूनही माझी पोटरी सोलून निघाली. भरतीच्या वेळी, अंधारात, डोक्यावर चुन्याचं घमेलं घेऊन इथे उतरायचं, याचा विचार तेव्हा आला.

आपल्या साल्हेर किल्ल्याचंही तेच. २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत जे बारा किल्ले गेले त्यांत खांदेरी आहे आणि आपल्या नाशिक जिल्ह्यातला एकटा साल्हेर. मुघलांशी १६७२ ची लढाई झाली ती गडाखालच्या मोकळ्या मैदानात. मोरोपंत आणि प्रतापराव तिथे लढले, सूर्याजी काकडे तिथे पडले. आणि आपण? पायथ्याच्या वाघांबेतून तडक वर, परशुरामाच्या देवळापाशी फोटो, खाली उतरून जेवण. मी सहा वेळा गेलोय, मैदानात एकदाही उभा राहिलो नाही. तेव्हा लाज वाटायचीच तर त्याची वाटते.

लाज विचारणाऱ्या मित्राला काल रात्री फोन केला. अर्धा तास भांडलो. शेवटी ठरलं की येत्या रविवारी साल्हेर, आधी मैदान, वेळ उरला तर गड. गाडी माझी, डिझेल त्याचं.