मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या चिन्हात तुतारी का नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमच्या प्रतिक्रियेत दोन आक्षेप आहेत. पहिला असा, की मराठा लाइट इन्फन्ट्री या भारतीय लष्करातल्या पायदळ रेजिमेंटच्या चिन्हातला बिगुल ही इंग्रजांनी मागे ठेवलेली खूण आहे, तिथे तुतारी हवी. दुसरा असा, की कंपनी सरकारने उभ्या केलेल्या पलटणींना ‘मराठा वारसा’ चिकटवणं म्हणजे इतिहासाची थट्टा. दुसरा आधी घेऊ, कारण त्यात तुमचं बरंचसं बरोबर आहे.

रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण १७६८ सालची. कंपनीने ती मुंबई आणि आसपासची ठाणी राखायला उभी केली. तेव्हा तिच्या नावात ‘मराठा’ हा शब्द नव्हता, ती नुसती मुंबई शिपायांची पलटण होती. मुंबई इलाख्याचं सैन्य पुढे पेशव्यांशीही लढलं, यात लपवण्यासारखं काही नाही. ‘मराठा’ नावात आलं ते थेट १९०३ मध्ये, सरसेनापती किचनरने केलेल्या सैन्याच्या फेररचनेत. त्या वेळी मुंबईच्या पलटणींच्या जुन्या क्रमांकांत सरळ १०० मिळवले गेले: ३ ची झाली १०३, ५ ची १०५, १० ची ११०, आणि तशाच ११४, ११६, ११७. यातल्या १०३, १०५ आणि ११० या तिघींच्या नावात ‘मराठा लाइट इन्फन्ट्री’ होतं, बाकी तिघी नुसत्या ‘मराठा’. १९२२ मध्ये या सहा जणी एकत्र आल्या आणि ‘लाइट इन्फन्ट्री’ सगळ्यांचंच नाव झालं.

आता बिगुलाकडे. १८४० मध्ये पहिल्या अफगाण युद्धाच्या धामधुमीत ५ व्या मुंबई पलटणीचे सुमारे तीनशे शिपाई कॅप्टन लुईस ब्राऊनच्या हाताखाली काहानच्या किल्ल्यात अडकले. हे ठिकाण बलुचिस्तानात, मरी टोळ्यांच्या डोंगराळ मुलखात आहे. बरेच जण ते अफगाणिस्तानात दाखवतात, ते चूक. सुटकेला निघालेली मेजर क्लिबॉर्नची फौज ऑगस्टच्या अखेरीस नफुस्क खिंडीत मार खाऊन मागे फिरली. तरी किल्ला पडला नाही. सप्टेंबरच्या शेवटी मरी सरदाराशी बोलणी करून पलटण हत्यारांसह बाहेर पडली. पुढच्याच वर्षी, १८४१ मध्ये, तिला ‘लाइट इन्फन्ट्री’, म्हणजे हलकं, चपळ पायदळ, हा किताब मिळाला. बिगुल ही त्या किताबाची निशाणी. म्हणजे या चिन्हातला बिगुल नावातल्या ‘मराठा’ शब्दापेक्षा ६२ वर्षांनी जुना आहे. इंग्रजांनी दिला हे खरंच, पण तो शिपायांनी काहानला कमावला. तो काढलात तर काहानच पुसलं जाईल, इंग्रज नव्हे.

लाइट इन्फन्ट्रीला बिगुलच का, याचं कारण कामाचं आहे. खांद्याला खांदा लावून चालणाऱ्या पायदळाला हुकूम पोचवायला ढोल पुरे होता. लाइट इन्फन्ट्री मुख्य फळीच्या पुढे विखरून लढायची, झाडाझुडपांतून, चढ-उतारांवरून. ढोल गळ्यात अडकवून तिथे पळता येत नाही आणि वारा उलटा असला की त्याचे ठोके विरून जातात. बिगुलाचा सूर टोकदार, दूरवर जाणारा. पाचच सूर वापरात, पण ‘पुढे’, ‘थांबा’, ‘मागे फिरा’ यांच्या वेगवेगळ्या धून बांधायला तेवढे बास. ही पद्धत घेतली ती जर्मन शिकाऱ्यांच्या शिंगावरून.

तुतारीची अडचण इथेच येते. तिलाही भोकं नाहीत की कळा नाहीत, फुंकरीवरच सूर बदलतो, त्या बाबतीत ती बिगुलाची सख्खी बहीण. पण ती लांब, वर उचलून धरावी लागणारी. स्वागताला, मिरवणुकीला, देवळाच्या दारात तिच्यासारखं वाद्य नाही. बंदूक सांभाळत पळणाऱ्या माणसाला मात्र एका हाताने वाजवता येईल आणि वाजवून झालं की दोरीने पाठीवर टाकता येईल, असं वाद्य लागतं. चिन्हात बिगुलाला दोरी दाखवतात ती म्हणूनच. शोभेची नाही ती.

तरी एक मुद्दा तुमच्या बाजूने मीच मांडतो: लाइट इन्फन्ट्री म्हणजे बिगुल हवाच, असा नियम नाही. सिख लाइट इन्फन्ट्रीच्या चिन्हात चक्र आणि कृपाण आहे. उलट जाट रेजिमेंटच्या नावात ‘लाइट’ नाही, पण रोमन नऊच्या आकड्यासोबत बिगुल आहे, कारण तिच्या जुन्या पलटणींत लाइट इन्फन्ट्री होती. तेव्हा बदल अशक्य नाही. प्रश्न एवढाच, की काहानचा मान कुठल्या खुणेत ठेवणार?

एक मात्र मान्य नाही. ‘लाइट म्हणजे गनिमी कावा, म्हणून मावळ्यांची परंपरा’ असं तुम्ही जाता जाता लिहिलंत. हे ऐकायला गोड आहे, पण किताब देणाऱ्यांच्या डोक्यात मावळे नव्हते. महाराजांचा वारसा या रेजिमेंटमध्ये आहे तो ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ या युद्धघोषात आणि ४ फेब्रुवारीच्या रेजिमेंट दिनात, जो कोंढाण्याच्या लढाईची आठवण म्हणून पाळला जातो. चिन्हापुरतं सांगायचं तर ढाल-तलवारी आहेतच. वरचे अशोकस्तंभाचे सिंह प्रजासत्ताकाचे. त्या जागी मुकुट असलेला बिल्ला दिसला, तर तो इंग्रजी अमदानीतला नमुना समजा.

फलकांवर आणि टी-शर्टांवर हे चिन्ह काढताना हमखास होणारी चूक म्हणजे कवायतीतला पितळी, वेटोळ्यांचा बिगुल. चिन्हातला बिगुल शिंगासारखा, एकाच वळणाचा असतो. दुसरा घोळ पाचाच्या आकड्याचा. १९२२ नंतर रेजिमेंटला ‘५ वी’ म्हणत, तो पायदळातला क्रम. ‘काली पांचवी’ हे टोपणनाव मात्र आजच्या दुसऱ्या बटालियनचं, आणि त्यातली पाच आहे ती काहानवाल्या ५ व्या मुंबई पलटणीची.