अप्पांना गोल्फ शिकवू नका

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. वेळ असेल तर वाचा.

सकाळी अप्पांना पेन्शनच्या कामासाठी साताऱ्यात पोवई नाक्यावर नेलं होतं. परत येताना एका प्लॉटिंगवाल्याचा मंडप लागला. मागे भलामोठा फ्लेक्स: हिरवागार गालिचा, कारंजं आणि 'गोल्फ व्ह्यू प्लॉट'. जागा कुठे, तर आपल्या दुष्काळी पट्ट्यात, जिथे उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात लोक. अप्पांनी एवढंच विचारलं, "पाणी कुठनं आणणार, बाळ?" तर तो टायवाला पोरगा हसला आणि म्हणाला, "आजोबा, गोल्फ काय असतं माहितीये का तुम्हाला?"

अप्पा काहीच बोलले नाहीत. मला मात्र गप्प बसवेना.

अरे बाळा, माझा बाप फौजेत हवालदार होता. राजस्थानातल्या एका छावणीत गोल्फचं ग्राउंड त्यांच्याकडे होतं. हिरवळीचं नाव नाही, सगळी रेती आणि मुरूम. इतरत्र भोकाभोवती गुळगुळीत हिरवळ असते, तिला 'ग्रीन' म्हणतात; इथे त्या जागी 'ब्राऊन' असायचा, म्हणजे वाळूत जळकं तेल कालवून, थापून केलेलं गोल अंगण. अप्पा पहाटे त्यावर तरट ओढायचे. मधल्या भोकापासून सुरुवात करून गोल गोल बाहेर यायचे, आणि वाळूवर एकसारख्या रेघा उमटायच्या. मी कडेला उकिडवी बसून बघायची. पाय ठेवायची हिंमत नव्हती! कपड्यांना तेलाचा वास यायचा आणि आई सोडा घालून घालून दमायची.

गोल्फ म्हटलं की मला ते ग्राउंड आठवतं. आणि जगात असं ते एकटंच नाही. ऑस्ट्रेलियात कूबर पेडी नावाचं ओपल खाणींचं गाव आहे. उकाडा इतका की लोक जमिनीखाली घरं खोदून राहतात. तिथल्या मैदानावर गवत नाही. खेळणारे हिरवळीचा एक तुकडा बरोबर घेऊन फिरतात, त्यावर चेंडू ठेवून मारतात आणि तुकडा उचलून पुढे चालू लागतात. उन्हातून सुटायला रात्री चमकणाऱ्या चेंडूंनीही खेळतात. त्याच देशात नलारबोर लिंक्स नावाचं मैदान आहे, अठरा होल (म्हणजे भोकं) 1365 किलोमीटरच्या हायवेवर विखुरलेले. एवढ्या अंतरात आपण साताऱ्याहून पार ग्वाल्हेर गाठू. (कण्हेरखेडच्या शिंद्यांनी घोड्यावरून गाठलंच होतं म्हणा.) दक्षिण आफ्रिकेत क्रुगर अभयारण्यात स्कुकुझाचं मैदान आहे, त्याला कुंपणच नाही. पाणघोडे आणि रानडुकरं खेळाच्या मध्येच येतात. आपल्याकडे गुलमर्गचं मैदान साडेआठ हजार फुटांवर, पाइन-फरच्या झाडांच्या मधोमध. प्रत्येकाचा चेहरा वेगळा, कारण खालची जमीन वेगळी. यातलीच तर सगळी गोडी आहे!

आणि खुद्द स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान, ओल्ड कोर्स? समुद्रकाठची रेताड जमीन, खारा वारा, शेतीच्या कामाची नाही, म्हणून तिथे खेळ रुजला. 1764 मध्ये बावीस होलचे अठरा झाले ते तिथेच. सात ग्रीनवर दोन-दोन होल, आणि त्यांच्या आकड्यांची बेरीज अठराच. जागा आजही सार्वजनिक मालकीची. एरवी रविवारी खेळ बंद, गावातली माणसं कुत्री घेऊन त्याच गवतावर फिरतात. गोल्फच्या काशीत रविवारी कुणीही फिरतं, आणि इथे साताऱ्यात तुम्ही माझ्या बापाला दारातून हसून परत पाठवता?

हो, मान्य आहे, क्लबांची फी आपल्याला परवडत नाही, आणि अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल क्लबने बायकांना सभासद करून घ्यायला 2012 उजाडवलं. छावणीतही खेळायचे साहेब लोकच. पण खेळ त्यांच्या बापाचा होत नाही. 1991 साली इंडियन ओपन स्पर्धा जिंकलेल्या अली शेरनी सुरुवात कॅडी म्हणून, म्हणजे खेळाडूंच्या काठ्यांची पिशवी वाहणारा म्हणून केली होती.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. त्या पोराचंही काय, कंपनीने पढवलं तेवढं तो बोलला. राग त्या फ्लेक्सचा आहे. फ्लोरिडाचं चित्र उचलायचं आणि आमच्या माळावर चिकटवायचं, त्याखाली बोअर मारायचे, आणि शेजारच्या शिवारातली विहीर आटली की हात वर करायचे. ज्याने ब्राऊनवर तरट ओढलंय त्याला पाण्याचा प्रश्न पहिला सुचतो. तुम्हाला तो सुचत नसेल तर मैदान बांधायच्या भानगडीत पडू नका.

दुपारी अप्पांना विचारलं, आपल्या गावच्या माळावर ब्राऊन होईल का? म्हणाले, "का नाही? मुरूम आहे, वाळू आणू. फक्त कुसळं काढावी लागतील. आणि जळकं तेल आता नको, जमीन नासते. नुसती वाळू दाबून बघू." मग वहीच्या मागच्या पानावर तीन होल काढून दाखवले, वाऱ्याची दिशा धरून! सरपंचांशी मी बोलणार आहे. कुणाच्या घरी जुनी गोल्फची काठी पडली असेल तर कमेंटमध्ये सांगा, मी येऊन घेऊन जाईन. डावखुरी असली तरी चालेल.