सेटिंगच गेल्यात न्हवं!

“काय नाय ओ काकू, डेटा सगळा घेतलाय. सेटिंगच गेल्यात न्हवं, करा की परत.”

शुक्रवारी संध्याकाळी कॉम्प्युटरच्या दुकानातला पोरगा फॉरमॅट केलेला पीसी घरी घेऊन आला, हे वाक्य माझ्या तोंडावर टाकलं आणि पैसे मोजून घेऊन गेला. डेस्कटॉप आलाय. डॉक्युमेंट्स आलंय. नातवाच्या बारशाचे तेच ते फोटो तीन-तीनदा साठलेत, तेसुद्धा आलेत. माझा मजकुराचा एडिटर, नोटपॅड प्लस प्लस, उघडला, सवयीनं कंट्रोल-ऑल्ट-एफ-७ दाबलं. काही नाही. परत दाबलं. मग मॅक्रोचा मेनू उघडला. मॅक्रो म्हणजे एकदा रेकॉर्ड करून ठेवलेल्या पायऱ्या, एक बटण दाबलं की सगळ्या ओळीनं आपोआप होतात. एडिटरसोबत येतो तेवढा एक सोडला तर रिकामा.

अठ्ठावीस मॅक्रो होते माझे! अकरा वर्षं एकेक करून बसवलेले! ते सगळे अ‍ॅपडेटातल्या रोमिंगमध्ये, शॉर्टकट्स डॉट एक्सएमएल नावाच्या एका एवढ्याशा फाइलीत. विंडोज ते फोल्डर लपवून ठेवतं, मान्य. पण दिवसभर पीसी फॉरमॅट करत बसणाऱ्याला हे ठाऊक नको? आणि समजा नव्हतं ठाऊक. म्हणूनच मी लिहून दिलं होतं ना! ‘सी ड्राइव्ह, युजर्स, आत अ‍ॅपडेटा, पूर्ण घेणे.’ मराठीत, मोठ्या अक्षरात, कॅबिनेटला सेलोटेपनं चिकटवून. चिठ्ठी जशीच्या तशी चिकटलेली परत आली. टेपचा कोपरासुद्धा उचललेला नाही. मला फाइलीपेक्षा त्या चिठ्ठीचा जास्त संताप आलाय. म्हातारी बाई काहीतरी लिहिते, कोण वाचणार!

दुकानात फोन केला तर मालक म्हणाले, “ताई, फोटो-बिटो आहेत ना सगळे?” आहेत हो फोटो. फोटोंवर माझं घर चालत नाही. माझं घर त्या फाइलीवर चालतं.

आणि ‘बॅकअप घ्यायचा की’ म्हणणाऱ्यांनो, बॅकअप आहे. २०२१ चा. त्यात सात मॅक्रो आहेत. उरलेले एकवीस कुणाकडे मागू?

२०१९ च्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. गावभागात आमचा खालचा मजला अख्खा पाण्यात होता. पाणी वाढतंय म्हटल्यावर मी पहिल्यांदा सीपीयू उचलून माडीवर नेला, मग बाकीचं सामान. प्रिंटर गेला, कागदाची रिमं गेली, कपाटातल्या जुन्या पत्रिकांचा लगदा झाला. ती फाइल वाचली. कृष्णेच्या पुरातून वाचवलेली फाइल यानं चहा पिता पिता घालवली, वर मलाच सांगतोय ‘सेटिंग’!

सेटिंग म्हणे. पतसंस्थांचे अहवाल आजही जुन्या फॉन्टात येतात हे या क्षेत्रातल्या कुणाला सांगायला नको. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी बसलेली, रफार अक्षराच्या मागे. तो मजकूर युनिकोडात आणायचा तर प्रत्येक खूण जागेवर न्यावी लागते, आणि ते काम माझे मॅक्रो करायचे. ‘स्थिती’मधली वेलांटी ‘स्’ आणि ‘थ’ दोघांवरून उडी मारून पलीकडे न्यायची. रफार मात्रेच्याही मागे गेलेला असतो, तो उचलून अख्ख्या अक्षराच्या अलीकडे आणायचा. ‘शेतकऱ्यांना’ दोन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, कुठे नुक्त्याचा ऱ, कुठे साधा र आणि मागे न दिसणारी खूण. डोळ्यांना दोन्ही सारखंच, आणि एक शोधलं की दुसरं सापडत नाही. सरसकट बदलायला गेलं की ‘आचार्यांना’चं ‘आचाऱ्यांना’ होतं आणि सत्कार स्वयंपाक्यांचा छापून येतो. त्यामुळे आधी अपवाद बाजूला काढायचे, मग बदल, मग अपवाद परत जागेवर. हा क्रम चुकला की सगळा मजकूर नासतो. हा क्रम ठरवायला मला दोन हंगाम लागले. दोन हंगाम!

त्या फाइलीत मॅक्रो आकड्यांत लिहिलेला असतो. १६०१ पुढे काय शोधायचं, १६०२ पुढे काय घालायचं, १६०९ म्हणजे सगळीकडे बदल. रेकॉर्ड करताना एक पायरी चुकली की सगळं पहिल्यापासून कोण करणार, म्हणून मी ते आकडे पाठ करून फाइलीतच दुरुस्त्या करायचे. ही सेटिंग आहे? वॉलपेपर बदलण्यातली गोष्ट आहे ही? ईमॅक्स नावाच्या जुन्या एडिटरचं नावच मुळी ‘एडिटिंग मॅक्रोज’वरून पडलं, १९७६ साली. पन्नास वर्षांपूर्वीच्या लोकांना कळत होतं की तेच तेच काम माणसाच्या बोटांनी करायचं नसतं. आणि आज मॅक्रो डेटात मोडत नाही!

भाचा म्हणतो, मावशी, तू ते जुनं सोड आता. त्यानं हल्लीच्या पोरांचा तो दुसरा एडिटर टाकून दिला. त्यात माझं कंट्रोल-शिफ्ट-पी दाबलं, म्हणजे मॅक्रो परत चालव, तर वरून कमांडची यादीच घसरली. मॅक्रो रेकॉर्ड करायची सोय आत नाहीच, बाहेरून एक्स्टेन्शन घाला. कंट्रोल-डी तर कुणाच्या बापाचं नाही. नोटपॅड प्लस प्लसमध्ये ओळीची प्रत, वर्डमध्ये फॉन्टची खिडकी, एक्सेलमध्ये वरचं खाली, ब्राउझरमध्ये बुकमार्क. एकाच मशीनवर, एकाच दुपारी, एकाच बोटाला चार अर्थ. मी बोटांना काय शिकवायचं?

आणि त्या ऑल्ट-शिफ्टचं तर मला तोंड बघायचं नाही. मराठी टायपिंग करणाऱ्या प्रत्येकाचा हा शत्रू. ऑल्ट-शिफ्ट घेऊन काही शॉर्टकट बसवावा तर अर्ध्यात भाषाच बदलते, आणि ‘कि’ लिहायला गेलं की ‘केएफ’ उमटतं. कंट्रोल-ऑल्ट घ्यावं तर उजव्या ऑल्टशी भांडण, कारण विंडोजच्या लेखी ती दोन्ही एकच. मी दोन वर्षं धडपडून मोकळ्या राहिलेल्या जोड्या शोधल्या होत्या, कुणाशी न भांडणाऱ्या. वहीत नव्हत्या लिहिलेल्या. बोटांत होत्या. बोटं अजून तिकडेच जातायत, पलीकडे कुणी नाही.

नवा लॅपटॉप घे म्हणतात. त्यावर एफ-७ दाबायला आधी एफएन दाबा, आणि कोपऱ्यात कंट्रोलच्या जागी एफएन बसवून ठेवलेलं. कोण बसवतं हे? त्यानं कधी आयुष्यात एक पान टाइप केलंय का?

३० सप्टेंबरच्या आत सगळ्या संस्थांच्या सभा. टेबलावर नऊ अहवाल आहेत. परवापासून रात्री बसतेय. साडेअकरा वाजलेत, चार मॅक्रो उभे राहिलेत. वेलांटीचा जमला, आकड्यांचा जमला. रफाराचा काही केल्या जमत नाही. ‘मूर्ती’चं ‘मूतीर्’ होतंय, ‘मार्च’चं ‘माचर्’. सकाळी दहाला पतसंस्थेचा शिपाई मुखपृष्ठाचं प्रूफ न्यायला येणार आहे, आणि मुखपृष्ठावर आत्ता या घडीला लिहिलंय, ‘४२ वा वाषिर्क अहवाल’.