गाडीत बसल्यावर तिकीट काढायचं, उतरताना नाही

मी लोकांना पैसे घेऊन मराठी मजकूर लिहून देते. आज सकाळी सव्वादहाला एका एजन्सीकडून मेसेज आला. "हाय मॅम, तुमचं मार्चचं इनव्हॉइस सिस्टीममध्ये दिसत नाहीये, परत पाठवाल का? आणि नवीन कॅम्पेनसाठी एक छोटंसं मराठी सॅम्पल हवं होतं. चारच ओळी. आज मिळालं तर बरं होईल."

मार्चचं बिल. जुलै चाललाय. १२ मार्चला पाठवलेलं, म्हणजे आज ११८ दिवस झाले. चार वेळा पाठवून झालंय. पहिल्यांदा म्हणाले मार्च एंड आहे. मग अकाउंट्सवाले सुट्टीवर. मग पॅन कार्डची झेरॉक्स स्पष्ट दिसत नव्हती. मग ज्यांनी काम दिलं होतं ते कंपनी सोडून गेले. आणि आता बिल सिस्टीममध्ये दिसतच नाही. मी लिहिलेली पत्रकं मात्र त्यांना दिसली, छापली, वाटली. एक माझ्या सोसायटीच्या गेटवरच मिळालं मला.

मेसेज वाचून मी टेबलाचा खण उघडला आणि काकांची चिठ्ठी काढली. असं काही झालं की मी ती काढतेच.

काका म्हणजे संगमनेरचे. एसटीत ३५ वर्षं कंडक्टर, १९६४ ते १९९९. सहस्रचंद्रदर्शनाला आपल्या आयुष्यावर छोटंसं पुस्तक करून पाहुण्यांना वाटायचं, एवढीच त्यांची इच्छा होती. कुणीतरी माझा नंबर दिला. सहा रविवार मी पुण्याहून सकाळच्या गाडीनं जायची आणि संध्याकाळी परतायची. फोनवर तासन्‌तास रेकॉर्डिंग. अकोले-राजूरचा रस्ता, चंदनापुरीच्या घाटात बंद पडलेल्या गाड्या, ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला निघालेली माणसं, त्यांच्या हातातली गाठोडी. बोलता बोलता त्यांचा उजवा अंगठा आपोआप हलायचा. तिकिटाचा पंच हातात असल्यासारखा.

पहिल्याच रविवारी त्यांनी पाकीट पुढे केलं. आठ हजार. एकूण ठरलेले चोवीस, त्यातला पहिला हप्ता. मी म्हटलं, "काका, अजून एक ओळही लिहिलेली नाही. काम झाल्यावर द्या, घाई नाही."

ते म्हणाले, "ताई, गाडीत बसल्यावर तिकीट काढायचं असतं. उतरताना नाही."

बारा वर्षं मी हा धंदा करतेय. मुलाखती, माहितीपत्रकं, स्मरणिका, मानपत्रं, भाषांतरं, कुणाच्या नावानं लिहिलेली भाषणं. बारा वर्षांत माझ्या कामाचा इतका सरळ हिशेब दुसऱ्या कुणीही मांडलेला नाही.

बहुतेकांना लिहिणं हे काम वाटतच नाही, दुसरं काही नाही. फ्लेक्सवाला पैसे घेतल्याशिवाय फ्लेक्स हातात देत नाही. मंडपवाला अर्धे आधी घेतो. फोटोग्राफरला टोकन द्यावं लागतं, केटररला द्यावं लागतं. त्याच कार्यक्रमाचं मानपत्र लिहिणारीला मात्र "ताई, तुमचं बघू नंतर." आणि मानपत्रातली एक ओळ चुकली, सत्कारमूर्तींच्या वडिलांचं नाव राहिलं, तर रात्री साडेअकराला फोन. फोन करायलाही माझी हरकत नाही. मी उचलते, दुरुस्त करते. पण मग ते काम आहे ना? काम असेल तर त्याला दाम आहे.

"छोटंसं" या शब्दाचा मला अतोनात राग येतो. चार ओळी छोट्या नसतात. चार ओळींसाठी मी चाळीस खोडते. परवा एका ठिकाणाहून आलं, "एआयकडून लिहून घेतलंय, तुम्ही फक्त एक हात फिरवा," आणि त्या हात फिरवण्याचे नेहमीच्या चौथाई पैसे. उघडून बघितलं तर पहिलंच वाक्य "आमच्यासोबत तुमचा दिवस बनवा." दिवस बनवा! कुणाच्या आजीनं कधी दिवस बनवला? सगळी तीन पानं तशीच. शब्द मराठी, पण वाक्य कुणी बोललेलं नाही. ती तीन पानं दुरुस्त करायला नवीन लिहिण्यापेक्षा जास्त वेळ लागला आणि तो वेळ कुणाच्याच हिशेबात नाही. ठीक आहे, कच्च्या मसुद्याला ते यंत्र उपयोगी पडतं, मी स्वतःही कधी वापरते. पण हात फिरवणं म्हणजे धूळ पुसणं नव्हे.

त्यातून सुटलं की डीटीपी, म्हणजे छपाईसाठी पानं लावणं. मी युनिकोडमध्ये पाठवते, तिकडे जुन्या फॉन्टमध्ये घेतात, आणि सगळे रफार एक घर पुढे सरकतात. धर्मचं "धमर्", कार्यक्रमचं "कायर्क्रम". प्रूफ मला दाखवत नाहीत. छापून आल्यावर मला फोटो पाठवतात, खाली अंगठा नाहीतर फुलं. एका शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत मुख्याध्यापकांच्या मनोगतात सात ठिकाणी "कायर्क्रम" छापलेलं मी बघितलंय. नाव माझं नव्हतं त्यावर, तरी मला रात्रभर झोप लागली नाही.

आणि २७ फेब्रुवारी! तो दिवस जवळ आला की आठवडाभर आधीपासून फोन सुरू. "मराठीसाठी एवढं करा ना, तुम्ही तर भाषेवर प्रेम करणाऱ्या." ३ ऑक्टोबर २०२४ ला अभिजात दर्जा जाहीर झाला, मला खरोखर रडू आलं होतं त्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी पाच जणांनी अभिनंदनाच्या पोस्ट लिहून मागितल्या. पाचही फुकट. त्यातल्या दोघांकडे माझे आधीचे पैसे अडकलेले. माझ्या भाषेवरच्या प्रेमाचं बिल माझ्याच नावावर कसं फाडता तुम्ही? वाणी मराठी आहे म्हणून तांदूळ फुकट देतो का मला?

दिवाळी अंकांना मी यात धरत नाही. छोटे संपादक खिशातून घालून अंक काढतात हे मला माहीत आहे. एक संपादक पाचशे रुपये पाठवतात आणि सोबत हातानं लिहिलेलं कार्ड, की लेखातला अमुक परिच्छेद दोनदा वाचला. ते पाचशे मी बरेच दिवस खर्च करत नाही.

हो, हेही मान्य की एजन्सीला त्यांचा क्लायंट उशिरा देतो, वरून पैसा सुटल्याशिवाय खाली येत नाही. बरं. पण काकांना तरी वरून काय सुटत होतं? पेन्शन हजार-दीड हजाराच्या घरात. माझे चोवीस हजार त्यांनी कांद्याच्या पट्टीतून, म्हणजे कांदा विकून आलेल्या पैशांतून, बाजूला काढले होते. लाल वहीत माझ्या नावाचं वेगळं पान होतं. वर शीर्षक, "ताईंचे देणे". प्रत्येक हप्त्यापुढे तारीख, आणि खाली माझी सही घ्यायचे. रोज रात्री डेपोत वेबिलाशी, म्हणजे विकलेल्या तिकिटांच्या हिशेबाच्या कागदाशी, कॅश जुळवून भरायची, कमी पडली तर खिशातून घालायची. ३५ वर्षं असं केलेल्या माणसाला दुसऱ्याचे पैसे अंगावर ठेवून झोप येत नसावी.

कायदा आहे, बरं का. मी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या व्यवसायांची सरकारी नोंदणी, केलेली आहे. २००६ चा सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा सांगतो की लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीनं. एका कंपनीला मी हे सगळं ईमेलमध्ये नीट, नम्र भाषेत लिहून पाठवलं होतं. पैसे आठवड्यात आले. काम पुन्हा कधीही आलं नाही. आणखी एका ठिकाणी बिलातून १० टक्के टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापला आणि माझ्या नावावर जमा झालेला कर दाखवणाऱ्या २६एएसमध्ये त्याचा पत्ताच नाही. कापलेले पैसे गेले कुठे, हे विचारायला तीन महिने मी फोन करतेय. त्या वेळात मी पैसे कमावणारं काय काय लिहिलं असतं!

आता चिठ्ठीचं सांगते. शेवटच्या रविवारी संगमनेरच्या स्टँडजवळ मी पानांच्या झेरॉक्स काढल्या होत्या, चाळीस रुपये झाले होते. मी विसरूनही गेले. काकांना दुकानदाराकडून कळलं. मी गाडीत बसलेली, खिडकीशी. काका तशा उन्हात स्टँडवर आले, खिशात सुटे नव्हते. वहीचा चतकोर फाडला, त्यावर लिहिलं "४० बाकी", खाली सही, तारीख, आणि खिडकीतून माझ्या हातात दिला. सुटे नसले की कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी लिहून द्यायचे ना, तसं. मी हसत "राहू द्या हो काका" म्हटलं तर चेहरा गंभीर. "मागे लिहिलं की ते देणं झालं, ताई." पंधरा दिवसांनी त्यांचा पुतण्या पुण्याला कामाला आला होता, तो दारात उभा. बंद पाकिटात दहाच्या चार नोटा. मी चिठ्ठी परत द्यायला हवी होती. दिली नाही, ठेवून घेतली.

ही पोस्ट लिहायला बसले तेव्हा त्या मेसेज पाठवणाऱ्या मुलीबद्दल बरंच कडक लिहिलं होतं, ते आत्ता खोडलं. मधेच तिचा फोन आला. नवीन आहे, दोन महिने झालेत तिला लागून, जुनी फाइल कुणी तिला दिलेलीच नाही. आवाज रडवेला होता. म्हणाली, "मॅम, माझाही मागच्या महिन्याचा पगार झालेला नाही." तिला काय बोलणार? बिल पाचव्यांदा पाठवलं. सॅम्पल पाठवलं नाही. चार ओळींचे पैसे सांगितले, अर्धे आधी, आणि मार्चचे जमा झाल्यावरच काम सुरू, असं लिहिलं. बारा वर्षांत "अर्धे आधी" हे शब्द मी नेहमी चाचरत लिहिलेत, पुढे "जमल्यास" जोडून. आज जोडलं नाही. मेसेजवर दोन निळ्या खुणा आहेत, उत्तर अजून नाही.

काका दोन वर्षांपूर्वी गेले. मागच्या आठवड्यात काकूंचा फोन आला होता. मला वाटलं पुस्तकाच्या आणखी प्रती हव्या असतील. म्हणाल्या, "त्यांचं लिहून झालं. आता माझं लिहा. ते गाडीवर असायचे, घर कुणी चालवलं ते त्यात कुठं आलंय?" मी गप्पच झाले. खरंच नव्हतं आलं. शहाण्णव पानांत काकूंना मी दोन पानं दिली होती, त्यातलं अर्धं पान बाजरीच्या भाकरीचं.

मी काही विचारायच्या आत त्याच म्हणाल्या, "दुधाचे पैसे साठवलेत मी. पहिला हप्ता आल्या आल्या घ्या." वहीही तीच आहे म्हणाल्या, लाल. काकांच्या पानामागचं पान कोरं आहे.

रविवारी सकाळच्या गाडीनं संगमनेरला जातेय.