गळ्याला एसी चालत नाही

गवयांचा हंगाम थंडीचा, असा एक गोड समज पुण्यात आहे. डिसेंबरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव झाला, फेब्रुवारीपर्यंत बाकीचे महोत्सव उरकले, की कलाकार मंडळी उन्हाळाभर पंख्याखाली बसून आंबे खातात आणि जमलंच तर रियाज करतात, असं लोक धरून चालतात. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी दर एप्रिलमध्ये जिन्यात भेटतात आणि विचारतात, "मग काय, सध्या सुट्टी?" त्या वेळी माझ्या दोन्ही खांद्यांना तबल्यांच्या पिशव्या असतात आणि तिसरी दातात धरायची तेवढी बाकी असते.

थंडीतले महोत्सव प्रायोजकांच्या सोयीने भरतात, उन्हाळ्यातले पंचांगाच्या. पाडवा पहाट, रामनवमी, हनुमान जयंती, स्वामींची पुण्यतिथी, अक्षय्य तृतीया. देवांनी आणि संतांनी तिथ्या ठरवताना साथीदारांचं मत घेतलेलं दिसत नाही. रामजन्म तर चैत्रात, तोही भर दुपारी बारा वाजता.

मी साथीचा तबलजी. पत्रिकेवर गायिकेचा फोटो असतो, तिच्या गुरूंचं नाव असतं, मंडप डेकोरेटरचंही असतं, आणि त्याच्या खाली 'साथसंगत' म्हणून आम्ही. ज्यांच्याबरोबर मी उन्हाळाभर हिंडतो त्या ताई काळी चारात, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून, गातात. त्यांच्यासाठी मोठ्या तोंडाचा, खालच्या सुरात बोलणारा तबला लागतो. कीर्तनकार बुवांची पट्टी काळी एक, त्यांना लहान तोंडाचा. लहान तोंडाचा चढ्या आवाजात बोलतो, हा नियम तबल्यापुरताच नाही, पण ते असो. ऐनवेळी पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, फुटली तर हाताशी असावा म्हणून दोन्हींचा एकेक जोड. शिवाय पितळी डग्गा, चुंबळी, हातोडी, पावडरचा डबा. ताईंचं वाद्य गळ्यात असतं, त्याला हमाल लागत नाही. पेटीवाले काका स्टेशनवर "जरा धर रे बाळा" म्हणून पेटी माझ्याकडे देतात आणि मुक्काम येईपर्यंत ती परत मागत नाहीत.

आता मुख्य दुखणं. आमच्या दौऱ्यात हवामानाच्या बाबतीत तीन पक्ष असतात: गळा, कातडं आणि माणूस. गळ्याला गार काही चालत नाही. तबल्याच्या पुडीचं कातडं कोरड्या उन्हात आखडतं आणि सूर वर चढतो. दमट हवेत सैल पडतं आणि सूर उतरतो. आणि माणसाला दोन्हीकडे घाम येतो. निर्णय घेताना गळ्याचं मत पहिलं, कातड्याचं दुसरं. माणसाचं अजून कोणी विचारलेलं नाही.

रामनवमीला राजापूर तालुक्यातल्या एका गावी उत्सवात बोलावणं होतं. आयोजकांनी गाडी पाठवली होती, नवीन, सात आसनांची, आतून फ्रीजसारखी गार. ताई बसल्या आणि म्हणाल्या, "दादा, तो एसी बंद करा."

"ताई, बाहेर एकोणचाळीस आहे."

"असू दे. गळ्याला एसी चालत नाही."

ड्रायव्हरने काच खाली केली. ताईंनी पदर कानावरून घेतला. "वारा कानात जातो हो." शेवटी काच चार बोटं उघडी राहील असा तह झाला. त्या चार बोटांतून जी हवा यायची तिला वारा म्हणायला माझी हरकत आहे. तबले डिकीत ठेवता येत नाहीत, डिकी तापली की पुडी तडकते. त्यामुळे मधल्या रांगेत ताई आणि तबले, तबल्यांना सीटबेल्ट. मागच्या रांगेत हनुवटीला गुडघे टेकवून मी, आणि माझ्या मांडीवर पेटी. काका पुढे. काकांना गाडी लागते.

चहाला थांबलो की ड्रायव्हर गाडी सावलीत लावून एसी फुल करायचा आणि आत एकटा बसायचा. आम्ही परत आलो की निरागसपणे म्हणायचा, "जरा गार करून ठेवली." आणि बंद करायचा. मला त्या माणसाबद्दल आजही मत्सर आहे.

अणुस्कुरा घाट उतरताना हवा बदलते. माथ्यावर सुरात असलेला तबला पाचलपर्यंत चांगला ढिला पडला. काकांच्या पेटीची एक पट्टी दमटपणाने फुगली आणि खाली दाबली की वर येईना. नेमका कोमल निषाद. काकांनी ती पोस्टकार्डाने घासली. आजच्या काळात पोस्टकार्ड कुठून आणलं, असं विचारल्यावर म्हणाले, "ह्याच कामासाठी ठेवलंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी कीर्तन. देवळापुढे पत्र्याचा मंडप, वरचा पंखा बुवांच्या दिशेने बांधलेला. बुवा रंगात आले होते, मी धुमाळी धरलेली, आणि अकराच्या सुमारास माझ्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा एक थेंब तयार झाला. बरोबर खाली तबल्याची शाई, तो मधला काळा गोल. शाईवर पाणी पडलं की आवाज मेला म्हणून समजा. दोन्ही हात ठेक्यात, पुसणार कशाने? फुंकर मारून पाहिली, तो हलला पण सुटला नाही. मग मी मान डावीकडे झुकवली, थेंब डाव्या नाकपुडीकडे आला. उजवीकडे झुकवली, तो उजवीकडे. बुवांनी चाल वाढवली, मीही वाढवली, थेंब आता लोंबत होता. शेवटी जोरात मान झटकली आणि तो काकांच्या पेटीवर उडाला. पुढे बसलेल्या एक आजी शेजारणीला म्हणाल्या, "बघ गं, कसा तल्लीन होऊन वाजवतोय." नंतर त्यांनी मला जवळ बोलावून कडकडा बोटं मोडली.

बाराला जन्म झाला, गुलाल उधळला, पाळणा म्हटला. गुलाल घामाला चिकटतो. मग हातावर सुंठवडा आला. बाहेर भट्टी पेटलेली असताना सुंठ खायला घालणाऱ्या परंपरेत काहीतरी खोल अर्थ असणार. मी दोनदा घेतला, कारण पन्हं संपलं होतं.

हनुमान जयंतीनंतर बनारस. संकटमोचन मंदिरातला संगीत समारोह 1923 पासून चालू आहे, 2023 मध्ये त्याला शंभर वर्षं झाली. सहा रात्री, रात्रभर गाणं, तिकीट नाही. कलाकारही तिथे मानधनाचा विचार करत नाहीत. हनुमानापुढे हाजिरी लावायला जातात. साथीदाराच्या आयुष्यात असा योग आला की तो एसीची तक्रार करत नाही. निदान जाताना करत नाही.

जाताना विमान होतं. तबले मी केबिनमध्ये नेतो. हातोडीला केबिनमध्ये बंदी आहे, म्हणून ती मोठ्या बॅगेत टाकून सामानात दिली. तबले, डग्गा, चुंबळी, पावडर आणि मी वेळेवर बनारसला पोचलो. बॅग दुसऱ्याच गावी गेली. काउंटरवरचा मुलगा फॉर्म भरताना म्हणाला, "कीमती सामान था?" मी म्हटलं, "हथौड़ी." त्याने पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

पण हातोडी हरवायचीच असेल तर बनारसला हरवावी. लॉजवरच्या पोऱ्याला सांगितलं, तर अर्ध्या तासात तो दोन घरांतून दोन हातोड्या घेऊन आला, आणि मागोमाग दोन्ही घरांतली माणसं आली. ती परत न्यायला आलेली नव्हती, मी तबला कसा लावतो ते बघायला आली होती. अनोखेलाल, किशन महाराज, सामता प्रसाद ज्या गावात वाजवून गेले तिथे गट्टा, म्हणजे सूर लावायचा लाकडी ठोकळा, ठोकतानासुद्धा परीक्षा असते. एक म्हणाले, "धीरे, बेटा." दुसरे म्हणाले, "और धीरे." बाहेर लू चालली होती, कोरड्या झळांनी तबला असा चढत होता की मी गट्टे वर घ्यायचो आणि पाणी पिऊन येईपर्यंत तो पुन्हा चढलेला. दोघांपैकी मोठ्या गृहस्थांनी तबल्यावर जाड चादर टाकली, म्हणाले, आता रात्रीपर्यंत हात लावू नकोस. हे मी पंधराव्या वर्षी शिकलो होतो, पण त्यांच्या तोंडून ऐकल्यावर नवीन वाटलं.

दुपारी दर्शनाला गेलो तेव्हा एका वानराने पिशवीत हात घालून माझी चुंबळ पळवली आणि भिंतीवर बसून तिची कापडी पट्टी सोडवू लागलं. मी आरडाओरडा करणार, तेवढ्यात फुलवाला म्हणाला, "ले लिया न? समझो हाजिरी लग गई." त्या रात्री माझा तबला लॉजच्या टॉवेलवर बसला.

रात्रभराच्या मैफलीत आधीच्या कलाकाराचं रंगलं की त्याला कोणी उठवत नाही, आणि उठवूही नये. ताईंनी बारा वाजताचा अंदाज धरून त्या वेळेचा राग, बागेश्री, काढून ठेवला होता. एक वाजता म्हणाल्या, मालकंस घेऊ. तीनला म्हणाल्या, आता ललित. मग झाडांवर पाखरं ओरडायला लागली तेव्हा अहीर भैरव. प्रत्येक वेळी काका मान डोलवायचे आणि डोळे मिटायचे. आम्ही बसलो तेव्हा हवा नुकती गार झाली होती आणि तबला, पहिल्यांदाच त्या उन्हाळ्यात, जिथे लावला तिथे राहिला. द्रुतमध्ये मी एक तिहाई टाकली, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून बरोबर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, आलो, आणि खांबाला टेकून बसलेला चहावाला किटली खाली न ठेवता "हाँ" म्हणाला. पुण्यात मला ह्याहून मोठी दाद मिळालेली नाही. ती कोणाला सांगताही येत नाही, कारण सेक्रेटरी विचारतात, "चहावाला?"

येताना रेल्वे. स्वतःच्या खर्चाने एसी थ्री टियर काढायला मी तयार होतो. ताई म्हणाल्या, "अरे, त्या डब्यात रात्रभर गार हवा अंगावर येते. स्लीपरच बरा, मोकळी हवा." जबलपूरपर्यंत ती मोकळी होती. इटारसीनंतर खिडकीतून जे आत येत होतं त्यात हात धरून पापड भाजले असते. गमछा ओला करायचा, डोक्यावर टाकायचा, आणि खंडव्यापर्यंत तो कडक वाळलेला. भुसावळला प्लॅटफॉर्मवर लोक बर्फाचं पाणी पीत होते. ताईंनी चहावाल्याला बोलावलं.

"चहा नको. नुसतं उकळतं पाणी दे."

त्याने तीनदा विचारून खात्री केली. ताईंनी पाण्यात ज्येष्ठमध टाकला, फुंकर मारली, आणि उरलेलं प्रेमाने माझ्यापुढे धरलं. "घे, घसा ओला होईल."

पुढे स्वामींच्या पुण्यतिथीच्या सुमाराला सोलापूर जिल्ह्यात कार्यक्रम. मैदानावर स्टेज, हॅलोजन, आणि हॅलोजनवर येणारे किडे. ताई लांब आलाप घेत नव्हत्या त्या रात्री. तोंड उघडं ठेवणं जोखमीचं होतं. एका रसिकाने आयोजकांना सांगितलं की आज बाईंनी संयमित गायलं. मोबाइलवर तानपुरा लावला होता, तो तापून मध्येच बंद पडला. शांतता पसरली, लोकांना वाटलं राग संपला, त्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांनी लगेच भैरवी सुरू केली. मुरलेला माणूस.

आणि मग सत्कार. रात्री अकरा वाजता हवा पस्तीसच्या खाली आलेली नाही, माझा सदरा पाठीला चिकटलाय, आणि निवेदक सांगतोय, "आता मान्यवरांच्या हस्ते शाल व श्रीफळ देऊन..." जाड, लोकरी, काठाला जर असलेली शाल. मान्यवर ती नुसती हातात देत नाहीत. दोन्ही खांद्यांवरून पांघरतात, फोटोसाठी मानेजवळ घट्ट आवळून धरतात आणि फोटोग्राफर म्हणतो, "सर, एकदा परत." एप्रिल-मे मिळून माझ्या कपाटात शालींची इतकी थप्पी लागली की बायकोने एक दिवस विचारलं, तुम्ही तबला वाजवायला जाता की शिमल्याला? नारळांच्या वड्या झाल्या, बर्फ्या झाल्या, आमटीत वाटण झालं. शालींचं काय करायचं?

उत्तर जूनअखेरीस मिळालं. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांत ताईंचे कार्यक्रम ठरले. पहिला एका शाळेच्या सभागृहात. बाहेर सुरेख ऊन, आत पाऊल टाकल्यावर दात वाजले. ताईंनी नेहमीच्या आवाजात सांगितलं, "तो एसी जरा बंद करायला सांगा."

मंडळाच्या अध्यक्षांनी हात जोडले. "ताई, तो आपल्या हातात नाही. सगळ्या शाळांचा एकत्रच कुठूनतरी चालतो. आज शनिवार, तिथे माणूस नाही."

उभ्या उन्हाळ्यात पहिल्यांदा मी ताईंना हतबल पाहिलं. मी गप्प होतो, पण माझा चेहरा गप्प नसावा, कारण काकांनी मला कोपर मारलं. एसीच्या कोरड्या हवेने तबला पुन्हा चढायला लागला होता. मी बॅग उघडली. तबल्यांना प्रवासात धक्का लागू नये म्हणून बायकोने ते सोलापूरकडच्या शालींत गुंडाळून दिले होते. एक ताईंना दिली. त्यांनी आणखी एक मागितली, मग तिसरी गळ्याभोवती घेतली. काकांनी एक गुडघ्यांवर पसरली. ताई तशाच गायल्या, आणि पुढच्या रांगेतल्या बाई मध्यंतरात विचारायला आल्या की हा कुठला पारंपरिक पेहराव.

तेवढ्यात निवेदकाने माइक हातात घेतला. भारतातून खास मागवल्या होत्या म्हणे. प्रत्येकी एक.