संस्कार काढलेत, म्हणून हे उत्तर

'एक जुना वाचक' यांस,

कराचीच्या पत्रमैत्रिणीवरचा माझा लेख तुम्हाला आवडला नाही, एवढंच लिहिलं असतंत तर मी आभार मानून गप्प बसले असते. पण तुम्ही लिहिलंत, "पत्रमैत्रीत राजकारण आणि देवधर्म आणणाऱ्यांची मला कीव येते. घरचे संस्कार कमी पडले की असं होतं." हे वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

आधी तुमचं बरोबर आहे ते. पोखरणनंतर 'आठवड्याभरात' पाकिस्तानने चाचण्या केल्या, असं मी लिहिलं होतं. आपली त्या वेळची पहिली चाचणी ११ मे १९९८ ची, त्यांची चगाईची २८ मेची. म्हणजे १७ दिवस. चूक माझी, दुरुस्त केली आहे.

आता संस्कारांचं. माझे वडील मिरजेत मास्तर होते. माझी इंग्रजी पत्रं पाकिटात जाण्याआधी त्यांच्या हाताखालून जायची. त्या जूनमध्ये तिचं पत्र आलं. 'तुमच्याकडे मिठाई वाटली म्हणे. तू खाल्लीस का?' मला 'नाही' लिहायचं होतं. मैत्रीण दुखावेल, उगाच कशाला, अगदी तुम्ही म्हणता तसंच. अण्णा म्हणाले, "पेढा खाल्लास ना? मग तसं लिही. खोटंच लिहायचं तर तिकिटाचे पैसे कशाला घालवतेस?" माझ्या घरचे संस्कार हे. मी लिहिलं, दोन पेढे खाल्ले. आणि विचारलं, २८ मेला तुमच्याकडे काय वाटलं?

गणपती आले तरी उत्तर नाही. मी रडले, अण्णांवर चिडले. मग पाकीट आलं. त्याची कड दोनदा चिकटवलेली, दुसऱ्या वेळचा डिंक पिवळा, गाठीगाठींचा. आत लिहिलं होतं, 'लाडू. मी तीन खाल्ले. रात्री अम्मी रडली. तिची मावशी मुंबईत असते.'

त्याआधीची तीन वर्षं आम्ही तुम्हाला पसंत पडेल असंच लिहीत होतो. आवडता रंग, कराचीतला उकाडा, मिरजेतला पाऊस. त्यातली एक ओळ मला आज आठवत नाही. या तीन ओळी पाठ आहेत.

आणि राजकारण आम्ही 'आणलं' म्हणता? कराचीत नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा आहे, १८५५ सालची. कॉलेजला जाताना तिला ती पाटी दिसायची. तिने साधं विचारलं, हे तुमच्यातलं नाव आमच्या गावात कसं? याचं उत्तर मुंबई इलाखा, सिंध, फाळणी हे शब्द न वापरता देऊन दाखवा. मला जमलं नाही.

देवधर्माचंही तेच. गांधीजींनी १ ऑक्टोबर १९०९ ला लंडनहून टॉल्स्टॉयना पहिलं पत्र लिहिलं. दोघांची भेट कधीच झाली नाही. टॉल्स्टॉयनी एका भारतीयाला लिहिलेलं पत्र गांधीजींना छापायचं होतं, आणि त्यातला पुनर्जन्माला नाकारणारा उल्लेख गाळावा असं त्यांनी पहिल्याच पत्रात सुचवलं. ८१ वर्षांच्या टॉल्स्टॉयना राग आला नाही. पुनर्जन्मावरचा विश्वास आत्म्याच्या अमरत्वावरच्या विश्वासाइतका पक्का असू शकत नाही, हे आपलं मत त्यांनी कळवलं, आणि हवं तर गाळा, असंही लिहिलं. श्रद्धेच्या मुळालाच हात घातला होता, तरी दोघांचा पत्रव्यवहार पुढच्या सप्टेंबरपर्यंत चालला. यात कीव येण्यासारखं काय आहे ते तुम्हीच सांगा.

पत्रं उघडली जायची, तिच्या घरच्यांना त्रास झाला असता, हे तुमचे बाकीचे मुद्दे. पत्रं उघडतात हे तिला माहीत होतं, मलाही. त्यावर वेळ घालवत नाही.

स्वतःचं नाव न लिहिणाऱ्याने दुसऱ्याच्या आईवडिलांपर्यंत जाऊ नये, एवढं मात्र सांगते. अण्णा आता नाहीत.

पाकिस्तानातून येणारं टपाल आपल्या सरकारने ३ मे २०२५ ला थांबवलं. तिचं त्याआधीचं, मार्चमधलं पत्र माझ्यासमोर आहे. चार पानं, त्यातली अडीच माझ्याशी कडाडून भांडणारी. माझं उत्तरही लिहून तयार आहे, तितकंच कडक. टेबलाच्या खणात ठेवलंय.

पुढच्या वेळी प्रतिक्रियेखाली नाव लिहा. नसेल तर मी ती छापणार नाही.